गादीखाली ओल म्हणजे छत गळतंय?

‘मोटरहोममध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) गादीखाली ओल दिसली की छत गळतंय समजा,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कायमचं घर मिळेपर्यंत त्यातच राहणाऱ्याला धडकी भरणं साहजिक आहे. पण श्वासातून, स्वयंपाकातून सतत वाफ सुटते. शेगडीतला १ किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. इवल्याशा बंद जागेत ही वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, आणि गादीखाली तर वाराच लागत नाही.

खात्री करायचीय? गादीलगतची भिंत कोरडी पुसा, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवा, रात्रभर ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ती आतलीच वाफ. प्लास्टिकमागे आले तर मात्र भिंतीत पाणी मुरलंय, गळती शोधाच. वाफच असेल, तर थंडीतही छताची खिडकी थोडी उघडी ठेवा.