अंगणातलं झाड : तोडण्याआधी एकदा बुडाशी बसून पाहा

९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारस इथे वादळात जुना निंब टिनाच्या शेडवर कोसळला आणि आडोशाला थांबलेली ७ माणसं दगावली. अशी बातमी आली की घरोघरी पहिली आठवण कुऱ्हाडीची होते. आम्ही झाडं तपासायचं आणि छाटायचं काम करतो. आमचं कळकळीचं सांगणं आहे : आधी झाड पाहा. बरीचशी झाडं वेळेवर लक्ष दिलं तर वाचतात.

पानगळीला घाबरू नका. माघ-फाल्गुनात निंब पानं गाळतोच. पण पाडवा होऊन महिना लोटला, तरी एकाच बाजूला पालवी नसेल तर फांदीची साल नखानं खरवडा. आतून हिरवी, ओली असेल तर फांदी जिवंत आहे. कोरडी, तपकिरी असेल तर मेली. घरावर किंवा गोठ्यावर आलेली मेलेली फांदी पावसाळ्याची वाट पाहत ठेवू नये.

खरी तपासणी मात्र खाली असते, कारण वरून हिरवंगार झाडही बुडाशी सडलेलं असू शकतं. खोडाला किंवा मुळांवर फळीसारखी कडक छत्री उगवली असेल तर आतलं लाकूड बुरशी खात आहे. लाकडी ठोकळ्यानं खोड ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो का. नुसती ढोली दिसली म्हणून झाड गेलं असं नाही. भोवतीचं घट्ट लाकूड किती उरलं, त्यावर सगळं ठरतं. ते आम्ही येऊन पाहतो.

जन्मापासून तिरकं वाढलेलं झाड वेगळं आणि यंदा कललेलं वेगळं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच. पण झाड जिकडे झुकलं त्याच्या उलट बाजूला बुडाशी माती उचलली असेल, तर खाली बैल बांधू नका, खाट टाकू नका आणि त्याच दिवशी फोन करा. नाली किंवा पाइपलाइन खोदताना जेसीबीनं मोठी मुळं तोडली असतील, तरीही कळवा. त्याचा परिणाम कधी कधी दोन-तीन वर्षांनी दिसतो.

आंब्याच्या खोडातून भुसा गळत असेल तर आत भिरुड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. लवकर कळलं तर झाड हाती लागतं.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. ढोलीत सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते. आणि सरसकट शेंडा छाटू नका; त्या जागी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की वाऱ्यात तेच मोडतात.

तारांजवळची फांदी असेल तर आधी महावितरणच्या लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्यावी लागते, त्याशिवाय आमचा माणूस चढत नाही. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात. स्वतःच्या वाडीतलं असलं तरी तोडायला वनविभागाची परवानगी लागते. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

मृग लागण्याच्या महिनाभर आधी बोलवा. नंतर ओल्या खोडावर चढणं धोक्याचं होतं आणि आमच्याकडे गर्दीही होते. नंबर मागच्या पानावर आहे.