ई-म्यू दिसलं म्हणजे फ्लेवर मोडला असं नाही

"एलएचसीत इलेक्ट्रॉन-म्यूऑन जोड्या ढिगाने मिळतात, मग लेप्टॉन फ्लेवर मोडतोच की!" हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. (एलएचसी म्हणजे कणांच्या टकरी घडवणारं यंत्र. लेप्टॉन म्हणजे इलेक्ट्रॉन, त्याचा जड भाऊ म्यूऑन आणि त्यांचे न्यूट्रिनो असे कण. फ्लेवर म्हणजे त्यांचा प्रकार, इलेक्ट्रॉनचा की म्यूऑनचा. प्रत्येक प्रकाराचा हिशोब जुळला नाही तरच फ्लेवर मोडला. ई-म्यू म्हणजे इलेक्ट्रॉन-म्यूऑन जोडी.)

टॉप क्वार्क आणि त्याचा प्रतिकण अँटिटॉप फुटले, दोन डब्ल्यू कण निघाले. एकाने पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) दिला, दुसऱ्याने म्यूऑन. पॉझिट्रॉनसोबत इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो गेला, म्यूऑनसोबत म्यूऑन-अँटिन्यूट्रिनो. प्रतिकण उणे धरले की हिशोब पै न् पै जुळला. सुपरसिमेट्रीत, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या सिद्धांतात, दोन चार्जिनो (विद्युतभार असलेले जोडीदार) फुटले तरी बहुधा हेच.

खरा भंग असा: जड न्यूट्रालिनो (भार नसलेला जोडीदार) फुटून म्यूऑन आणि स्लेप्टॉन (लेप्टॉनचा जोडीदार), मग त्या स्लेप्टॉनमधून इलेक्ट्रॉन आणि सर्वांत हलका न्यूट्रालिनो. स्लेप्टॉन निखळ सिलेक्ट्रॉन (इलेक्ट्रॉनचा जोडीदार) किंवा निखळ स्म्यूऑन (म्यूऑनचा) नसून दोघांची भेसळ असेल तरच हे घडतं. (दोन्ही स्लेप्टॉनांची वस्तुमानं तंतोतंत सारखी असली, तर भेसळ असूनही काही दिसत नाही. हे हमखास विसरलं जातं.) हलका न्यूट्रालिनो फ्लेवर घेऊन जात नाही, त्यामुळे इथे हिशोब खरोखर चुकतो. लेप्टॉन संख्या, म्हणजे सगळ्या प्रकारांची मिळून बेरीज, मात्र शाबूत राहते. ती वेगळी गोष्ट, आणि 1998 पासून माहीत असलेलं न्यूट्रिनो दोलनही (न्यूट्रिनोने वाटेत फ्लेवर बदलणं) इथे ओढू नका.

पंचाईत अशी की दोन्हीकडे ई-म्यू आणि दोन्हीकडे गायब ऊर्जा. न दिसता ऊर्जा घेऊन पळून गेलेल्या कणाला फ्लेवर कसा विचारणार? सुटी एक घटना बघून निवाडा होत नाही. शेकड्यांनी जमवून जोडीच्या वस्तुमानाचा (दोघांच्या ऊर्जा आणि संवेगावरून काढलेल्या) आलेख काढावा लागतो. समजा जड न्यूट्रालिनो 177, स्लेप्टॉन 143 आणि हलका न्यूट्रालिनो 96 जीईव्हीचा (कणांच्या वस्तुमानाचं एकक) आहे. मग जोडीचं वस्तुमान साधारण 77 जीईव्हीच्या पुढे जाऊच शकत नाही. आलेख चढत जातो आणि तिथे कड्यासारखा तुटतो. टॉपवाल्या जोड्यांना असा कडा नाही, त्यांची शेपटी लांबवर रेंगाळते.

आता माझं खरं दुखणं. टॉपकडून ई-ई, म्यू-म्यू, ई-म्यू साधारण 1:1:2 मिळतात. म्हणून नेहमीच्या सुपरसिमेट्री शोधात पहिल्या दोघांच्या बेरजेतून ई-म्यू वजा करतात. इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन ओळखण्याच्या क्षमतेतला फरक दुरुस्त केला की टॉप कटतो. युक्ती झकास आहे. पण फ्लेवरभंग शोधताना तोच कोड उचलून चिकटवणारे महाभाग भेटतात. त्यात ई-म्यू ही पार्श्वभूमी, म्हणजे नको असलेला गोंगाट, गृहीत धरलेली असते, म्हणजे जे शोधायचं तेच आपल्या हाताने वजा होतं, आणि वर त्याच साखळीतून येणारा ई-ईचा कडाही खुजा दिसतो.