पूर्वन्याय (कंपन्यांचे दावे, गोवा)

सक्षम न्यायालयाने अखेरचा निर्णय दिलेला मुद्दा त्याच पक्षकारांना पुन्हा उकरून काढता येत नाही, हे तत्त्व. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 मध्ये ते ग्रथित आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत रोमन कायद्याकडे बोट दाखवते. दुसरे स्मृतिकार कात्यायनाकडे (सामान्यतः इ.स. चौथे ते सहावे शतक). प्रतिवादीच्या चार उत्तरांपैकी ‘प्राङ्न्याय’ (या वादाचा निकाल आधीच लागला आहे) हे एक, आणि जयपत्र (जिंकलेल्या पक्षाला मिळालेले निकालपत्र) दाखवून ते शाबीत करता येई. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठ) 1916 मध्ये या प्राचीन आधाराची दखल घेतली. साम्य उघड आहे. मात्र स्मृतीतला प्राङ्न्याय हा प्रतिवादीचा बचाव, तर कलम 11 ची भाषा न्यायालयालाच मनाई करणारी. सरळ वंशावळ मांडणे त्यामुळे धाडसाचे वाटते.

गोव्यात पोर्तुगीज अमलात ‘काझु जुल्गादु’ हे तत्त्व होते. त्यासाठी पक्षकार, मागणी आणि वादकारण ही तिन्ही एकच असावी लागत. भारतीय संहिता येथे आली ती 1965 च्या केंद्रीय अधिनियमाने. तिच्यात दावा वेगळा असला तरी निर्णीत मुद्दा बांधून ठेवतो.

कंपनी ही सभासदांहून वेगळी व्यक्ती (इंग्लंड, 1897). त्यामुळे ‘तेच पक्षकार’ कोण, हा खरा पेच. समजा, म्हापशातल्या दोन भावांची काजू कारखान्याची खासगी कंपनी आहे. थोरल्याच्या नावे झालेले शेअर-हस्तांतर बनावट असल्याचा धाकट्याचा अर्ज कंपनी विधी न्यायाधिकरणाने (गोव्यासाठी मुंबई पीठ) सह्या खऱ्या ठरवून फेटाळला. आता त्याच सह्यांवरून भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात लावला, तर तो अडतो. संचालक सभेला गणसंख्या नव्हती, हे तेव्हा सांगता आले असते पण सांगितले नाही. तेही गेले (प्रलक्षित पूर्वन्याय, कलम 11 चे स्पष्टीकरण 4). निकालानंतरच्या सभेची नोटीसच मिळाली नाही, ही तक्रार मात्र नवी. कर्ज देणारी बँक पक्षकार नव्हती, म्हणून तिला तो निष्कर्ष बांधत नाही. कपटाने मिळवलेला निकालही आड येत नाही.

अमेरिकेत 1979 पासून पहिल्या खटल्यात नसलेला भागधारकही कंपनीविरुद्धचा जुना निष्कर्ष वापरू शकतो, अर्थात न्यायाधीशाच्या विवेकाधीन. भारतात कलम 11 खाली ही वाट नाही.

गोव्यातील खाणपट्ट्यांचे प्रकरण या तत्त्वाच्या कडेला येते. पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 1987 ला, आणि नूतनीकरणाची कमाल मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपली, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले. पुढे काही पट्टेदारांनी मुदत 1987 पासून मोजून 2037 पर्यंत मागितली. 2021 मध्ये ती फेटाळली गेली. हे काटेकोरपणे कलम 11 चे उदाहरण नव्हे, तरी आधीच्या निष्कर्षाचे वजन त्यात दिसते.