ख्रिस्ती मेटल डेमो

ख्रिस्ती मेटल डेमो : ख्रिस्ती श्रद्धेची गाणी हेवी मेटल या जड, कर्णकर्कश रॉक संगीताच्या अंगाने वाजवणाऱ्या, पण कोणत्याही रेकॉर्ड कंपनीशी करार न झालेल्या बँडांनी पदरमोड करून काढलेली नमुन्याची ध्वनिमुद्रणे. ती बहुतेक कॅसेटवर असत : तीन ते सहा गाणी, डबीत घालायचे झेरॉक्स केलेले इनले कार्ड आणि त्यावर बँडमधल्याच कुणाच्या तरी घरचा पत्ता. हेतू दुहेरी असे. कंपनीला आपला आवाज ऐकवायचा आणि ऐकणाऱ्याला सुवार्ता सांगायची. पहिला हेतू क्वचितच साधला. या संगीताचा इतिहास ज्या अल्बमांवरून लिहिला जातो ते मूठभर बँडांचे आहेत. बाकीच्यांचे जे काही उरले ते या कॅसेटांत.

कोल्हापुरात ‘मेटल’ म्हटले की आधी उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आठवतात, आणि ती आठवण अगदीच गैरलागू नाही. या संगीताचा मूळपुरुष मानला जाणारा ब्लॅक सॅबथ हा बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके गेली. मग बोटांना टोपणे चढवून, हलक्या तारा लावून आणि पुढे त्या तारा सैल करून तो वाजवू लागला. मेटलचा जड, खर्जातला आवाज त्यातून घडला. गळ्यात क्रूस घालणाऱ्या याच बँडला चर्चवाल्यांनी सैतानाचा बँड ठरवले, तेव्हा पुढच्या भांडणाची सुरुवात पहिल्या दिवसापासूनच झाली म्हणायची.

शिकागोतल्या एका ख्रिस्ती वसाहतीतून १९७२ मध्ये निघालेला रिझरेक्शन बँड आणि स्वीडनमध्ये १९७५ मध्ये जमलेला जेरुसलेम हे या वाटेवरचे आद्य बँड. रिझरेक्शन बँडचा पहिला रीतसर अल्बम १९७८ चा. पण १९७४ मध्येच त्यांनी कॅसेटवर गाणी काढून कार्यक्रमांतून ती वाटली होती. म्हणजे डेमो अल्बमच्या आधी जन्मली. ख्रिस्ती मेटलला पडलेले ‘व्हाइट मेटल’ हे नाव मात्र श्रद्धेतून आले नाही, जाहिरातीतून आले : मेटल ब्लेड या कंपनीने शिकागोच्याच ट्रबल या बँडसाठी ते वापरले.

गर्दी खेचली ती कॅलिफोर्नियाच्या स्ट्रायपरने. रॉक्स रेजीम या नावाने वाजवणाऱ्या या पोरांची डेमो १९८३ ची. १९८४ मध्ये एनिग्मा कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि १९८६ च्या अल्बमच्या अमेरिकेत दहा लाखांवर प्रती खपल्या. पिवळे-काळे पट्टे असलेले कपडे घालून ते प्रेक्षकांत बायबले फेकत. पट्ट्यांचा संबंध यशया ५३:५ शी होता. इंग्रजीत कपड्यावरचा पट्टा आणि पाठीवर उठलेला वळ यांना एकच शब्द आहे, त्यावरची ही कोटी. मराठी बायबलात तिथे ‘फटके’ आहेत, त्यामुळे कोटी मराठीत येत नाही. पट्ट्याचेही फटके बसतात एवढ्यावर समाधान मानायचे.

दोन्ही दारे बंद

करार न होण्याचे कारण दर वेळी वाईट वाजवणे हे नव्हते, पुष्कळदा तेही होते. खरी अडचण विक्रीच्या वाटेची. अमेरिकेत ख्रिस्ती संगीत मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकले जाई आणि त्या दुकानांच्या मालकांना केस वाढवलेले, किंचाळणारे तरुण काउंटरवर नको होते. व्हेंजन्स रायझिंग या बँडच्या १९८८ च्या अल्बमवर खिळा ठोकलेल्या हाताचे चित्र होते. हा प्रसंग शुभवर्तमानातलाच, तरी काही दुकानांनी अल्बम ठेवायला नकार दिला. जिमी स्वॅगर्टसारखे दूरचित्रवाणीवरचे उपदेशक तर ख्रिस्ती रॉक हा शब्दच मानायला तयार नव्हते. दुसरीकडे मेटलच्या बाजाराला हे बँड प्रवचनकार वाटत. गाणे चांगले आहे, शब्द बदला, ही तिकडची अट. शब्द चांगले आहेत, गाणे बदला, ही इकडची.

हे बँड घेणाऱ्या इंटेन्स, आर.ई.एक्स., प्युअर मेटल अशा कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९८७ मध्ये ‘कॅलिफोर्निया मेटल’ हा संग्रह निघाला आणि डेलिव्हरन्ससारख्या बँडांना पुढचा दरवाजा उघडला. दक्षिण कॅलिफोर्नियात बॉब बीमन या पाळकाने मेटलवाल्यांसाठी सँक्च्युअरी नावाचे चर्चच चालवले आणि तिथून अनेक बँड उभे राहिले. पण हे झाले एका राज्याचे. ओहायोत, ब्राझीलमध्ये किंवा फिनलंडमध्ये वाजवणाऱ्या पोरांपाशी होती ती टपालपेटी.

कॅसेट भरणे

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये. पण डेमोचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले १९७९ मध्ये, टॅस्कमच्या पोर्टास्टुडिओ या यंत्राने. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत आवाज घेता येऊ लागला. यंत्र फीत दुप्पट वेगाने, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, फिरवी आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच दिशेने वापरी. म्हणून अशी मूळ कॅसेट घरच्या टेपवर लावली तर एक भाग संथ आणि दुसरा उलटा ऐकू येतो. चार पट्ट्यांत ड्रम, दोन गिटारी, बेस आणि गळा बसवायचा, तर तीन पट्ट्या भरून त्या चौथीवर एकत्र उतरवायच्या आणि रिकाम्या झालेल्या पुन्हा वापरायच्या. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढे आणि बळी जाई तो बहुधा बेसचा. बरेच डेमो ऐकताना बेसवाला त्या दिवशी आलाच नव्हता की काय, असे वाटते.

मग प्रती. कोल्हापुरात ज्याला ‘कॅसेट भरून घेणे’ म्हणत, म्हणजे दुकानदाराकडे गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी कॅसेट न्यायची, तेच काम हे बँड स्वतःच्या खोलीत बसून, एकेक प्रत भरून करत. ती प्रत पोस्टाने जाई. मिळालेला तिची प्रत काढून तिसऱ्याला पाठवी. पाचव्या-सहाव्या हातापर्यंत झांजांचा नुसता सळसळाट उरे. पत्ते मिळत छोट्या हस्तोद्योगी मासिकांतून. डग व्हॅन पेल्टने टेक्ससमधल्या ऑस्टिन इथून १९८५ मध्ये सुरू केलेले ‘हेवन्स मेटल’ हे त्यांतले सर्वांत टिकलेले. मेटलच्या टपालव्यवहारात तिकिटांवर डिंकाचा हात फिरवून, शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरण्याची युक्ती सर्रास चाले. ख्रिस्ती मंडळींनीही ती वापरली असेल, तर ‘चोरी करू नको’ ही आठवी आज्ञा पाकिटाबाहेर ठेवूनच.

इनले कार्डावर गाण्याच्या नावापुढे वचनाचा अध्याय आणि ओवी छापलेली असे. आपल्या बाजूने बोलताना हे बँड हमखास स्तोत्र १५० पुढे करत. त्यात झांजा वाजवून स्तुती करायला सांगितले आहे आणि आवाजाची मर्यादा दिलेली नाही.

डेमोतून काय कळते

पेन्सिल्व्हेनियाच्या बिलिव्हर या बँडची १९८७ ची ‘द रिटर्न’ ही डेमो त्यांना १९८९ च्या अल्बमपर्यंत घेऊन गेली. डेमोने आपले काम केले असे हे सरळ उदाहरण. मेलबर्नच्या मॉर्टिफिकेशनची १९९० ची ‘ब्रेक द कर्स’ ही अधिक मोलाची, कारण बँड एका शैलीतून दुसरीत जाताना त्यात रंगेहाथ सापडतो. लाइटफोर्स या जुन्या बँडचा बेसवादक स्टीव्ह रो गाता गाता गुरगुरायला लागला तो काळ हा. पुढच्या अल्बमांत गुरगुर पक्की झालेली आहे. इथे ती अजून शोधली जाते आहे.

नॉर्वेच्या आन्टेस्टरची गोष्ट सर्वांत बोलकी. सुरुवातीला क्रश ईव्हिल नाव घेतलेल्या या बँडची डेमो १९९१ ची. त्याच सुमारास त्याच देशात ब्लॅक मेटल या ख्रिस्तविरोधी, किंचाळत्या मेटलचे लोक लाकडी चर्चे जाळत होते, आणि हे लोक त्याच संगीतात ख्रिस्ताचे नाव घेत होते. त्यांनी १९९४ मध्ये मुद्रित केलेला ‘मार्टिरियम’ हा अल्बम रीतसर बाहेर आला २००० मध्ये. मधली सहा वर्षे तो हातोहात भरलेल्या कॅसेटांवर जगला. म्हणजे तारखांची यादी पाहणाऱ्याला हा बँड मागून आलेला वाटेल. कॅसेट भरणाऱ्यांना तो आधीच पाठ होता. ऑस्ट्रेलियाच्या होर्ड या तसल्याच ख्रिस्ती बँडचा १९९४ चा अल्बम न्यूक्लिअर ब्लास्ट या कंपनीने काढला, वादकाचे नाव न छापता. तरीही कंपनीला धमक्या आल्याच.

कोल्हापूरकडून पाहताना

या कथेचा कोल्हापूरशी सरळ धागा नाही, एक आडवा आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा एक संस्थापक झाला. याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता, हे त्या चळवळीचे ब्रीद. कॅसेटच्या डबीत पत्रक घालून अनोळखी पत्त्यावर पाठवणाऱ्या विशीतल्या गिटारवाल्याची घाई त्याच जातीची आहे.

देवाच्या घरात कोणती चाल चालेल, हा वादही मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली. परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांची सवय झालेल्या मंडळ्यांत ते धाडस होते. आज ‘उपासना संगीत’ उघडले तर पाश्चात्त्य चाली आणि देशी पदे शेजारी शेजारी आहेत आणि कुणाला त्यात खटकत नाही. आवाजाचे म्हणाल, तर गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लावावा की नाही यावर दरवर्षी वाद घालणाऱ्या शहराला, मोठ्या आवाजात भक्ती असते का, हा प्रश्न फोड करून सांगण्याची गरज नाही.

मुद्रण नसले की काय होते, तेही या शहराने पाहिले आहे. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. त्यांचे गाणे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ओळखायचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नाहीसे झाले. खाँसाहेबांना निदान शिष्य होते. चार गाणी काढून मोडलेल्या बँडला कोणी शिष्य नसतो, म्हणून सुमार डेमोही जपावी लागते.

जतन

‘मेटल आर्काइव्ह्ज’ या २००२ पासूनच्या सूचीत डेमोंना अल्बमांइतकीच स्वतंत्र नोंद मिळते. रेट्रोअॅक्टिव्हसारख्या छोट्या कंपन्या जुन्या फिती साफ करून सीडीवर काढतात. स्ट्रायपरचे रॉक्स रेजीमच्या काळातले डेमोही २००७ मध्ये असेच बाहेर आले. सफाईत कधी अतिरेक होतो : खरखर जाते आणि तिच्याबरोबर आवाजाची खोलीही जाते.

जुनी कॅसेट सापडली तर आधी फितीच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का ते पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते आणि एका कॅसेटवरून यंत्रामार्गे दुसरीवर जाते. फीत हेडवर दाबणारा फेल्टचा तुकडा निसटलेला असेल तर आवाज दबका येतो. पाच स्क्रूंची डबी उघडून फीत दुसऱ्या डबीत घालता येते. चिकटवलेली डबी फोडावी लागते. इनले कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा, खोडलेल्या अक्षरांसकट, कारण वर्ष आणि गाव बहुधा तिथेच असते. आणि वाजवण्याआधी कॅसेटच्या पाठीवरचे दोन चौकोनी दात मोडलेले आहेत का ते बघावे; नसतील तर मोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी वर काही भरले जाणार नाही.