पस्तिशीची अट, साठीची अट आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की बँकेत पेन्शनर मंडळींची गर्दी होणार हे ठरलेलं. हयातीचा दाखला द्यायचा असतो ना. मी अजून जिवंत आहे असं दरवर्षी लिहून द्यायचं, नाहीतर पेन्शन थांबते. आता तोच दाखला मोबाईलला चेहरा दाखवून निघतो आणि मग दर हिवाळ्यात व्हिडिओ फिरतात, बघा ८५ वर्षांच्या आजींनी घरबसल्या दाखला काढला वगैरे. कौतुक आहेच, पण या आजींना मोबाईल शिकवला कोणी हे मागे जाऊन बघायला लागलं की एक गोष्ट सारखी खटकते. आपल्याकडे मोठ्या माणसांच्या शिक्षणाच्या योजना ढिगाने आल्या आणि त्यातल्या मोठमोठ्या योजनांनी म्हाताऱ्यांना वयाच्या रकान्यातच गाळलं.

सुरुवात तशी झाली नव्हती. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली, दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी पाटी घेऊन बसायचा. पुढे १९३९ मध्ये, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ असताना, मुंबईत साक्षरतेची मोहीम झाली, गिरणगावातल्या चाळींमध्ये वर्ग भरायला लागले. मग १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम, ती मला सगळ्यात आवडते कारण त्यात गावानेच गाव साक्षर करायचं होतं, शिकलेल्याने शेजाऱ्याला शिकवायचं आणि सगळे साक्षर झाले की गावाने ग्रामगौरव समारंभ करायचा. ती पुढे राज्यभर पसरली. त्यातले बरेच जण नंतर पुन्हा अक्षर विसरले हेही खरं, वाचायला गावात काही नसेल तर काय टिकणार.

पस्तिशीची रेघ मारली ती दिल्लीने. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, वयोगट १५ ते ३५. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, वयोगट पुन्हा १५ ते ३५. हिशोब सरळ होता, पैसा कमी आहे तर जो अजून पंचवीस-तीस वर्षं कमावणार त्याच्यावर खर्च करा. हिशोब म्हणून चूक म्हणता येणार नाही, पण १९८८ मध्ये जी बाई ३६ वर्षांची होती ती आज सत्तरी ओलांडून बसलीये आणि आपण तिला विचारतोय की तुला ओटीपी कसा वाचता येत नाही. वर्गात बसायचंच नाही असं कोणी तिला हाकललं नसेल, सिंधुदुर्ग, वर्ध्याकडच्या साक्षरता मोहिमांत आज्या-आजोबा हौसेने येऊन बसलेही असतील, पण टार्गेटमध्ये ती नव्हती आणि टार्गेटमध्ये नाही म्हणजे काय होतं ते सरकारी कामाशी संबंध आलेल्यांना सांगायला नको. वरची अट निघाली ती २००९ च्या साक्षर भारतमध्ये, १५ च्या पुढचे सगळे.

कॉम्प्युटरच्या बाबतीत वेगळीच गंमत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा कोर्स आला आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना संगणकाची परीक्षा पास होणं बंधनकारक झालं, पण पन्नाशी पूर्ण केलेल्यांना सूट. त्या वेळी ही सूट म्हणजे वरदान वाटलं असणार, ज्याला मिळाली त्याने पेढे वाटले असतील, आता या वयात कुठे माऊस हलवत बसायचं. पण माणूस ५८ ला रिटायर झाला आणि त्यानंतर वीस वर्षं ज्या ज्या गोष्टीसाठी खिडकीवर जायचं ती प्रत्येक खिडकी एकेक करून स्क्रीनवर गेली. ऑफिसात पगारी वेळेत, सोबत्यांबरोबर शिकायची जी एकमेव संधी होती ती सूट देऊन घालवली. मला विचाराल तर ज्येष्ठांचं आणि टेक्नॉलॉजीचं बिनसलं ते इथे.

नंतर २०१७ मध्ये खेड्यांसाठी पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं, सहा कोटी कुटुंबांचं उद्दिष्ट, २० तासांचं ट्रेनिंग. वयाची अट काय? १४ ते ६०. वर एका घरातून एकच माणूस. म्हणजे घरातला पोरगा किंवा सून शिकणार आणि आजोबांनी त्यांच्या तोंडाकडे बघायचं.

आता दाखल्याकडे येऊ. पूर्वी बँकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा. अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर घरच्यांची धावपळ, मुलाकडे परदेशात गेलेल्यांचे वेगळे सोपस्कार. १० नोव्हेंबर २०१४ ला जीवन प्रमाण सुरू झालं, आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, बँक खातं आणि बोटाचा ठसा दिला की दाखला ऑनलाइन जमा. कागदावर झकास. पण ठसा येतो कुठे? आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपणी केलेल्या, सिमेंट कालवलेल्या हाताच्या रेघाच झिजलेल्या असतात. सेंटरवर एक ठरलेला प्रकार चालायचा, आधी अंगठा, मग तर्जनी, मग दुसरा हात, मग हात ओल्या फडक्याने पुसा, मग जरा व्हॅसलिन चोळून बघा, आणि मशीनचं आपलं लाल ते लालच. मागे लाईन वाढतेय, पोरगं म्हणतंय आजी जोरात दाबा, आजी म्हणतेय अरे किती दाबू.

त्यात नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी. हयातीच्या दाखल्याचाच महिना, त्याच बँका, त्याच लायनी. फोन मनापासून हातात आला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, नातवंडं दिसायची तर व्हिडिओ कॉल उचलता आलाच पाहिजे. आणि १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा नोंदणी सरकारच्या कोविन पोर्टलवर, म्हणजे पुन्हा ओटीपी. ज्येष्ठ नागरिक संघांच्या विरंगुळा केंद्रांत एरवी भजन, कॅरम आणि वाढदिवस चालायचे, तिथे आता कोणी तरी रिटायर्ड माणूस बाकीच्यांना फोन शिकवताना दिसतो. जे काही शिकणं झालं ते बरंचसं असंच, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून.

२०२० च्या नोव्हेंबरपासून पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून द्यायला लागला, माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात शहाणपणाची सोय हीच. नोव्हेंबर २०२१ ला चेहऱ्यावरून ओळख आली आणि ठशांचा त्रास बराच संपला. फोनवर दोन ॲप घ्यायची, एक आधारचं चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाण, मग चेहरा गोलात धरायचा आणि डोळे मिचकवायचे. हे मिचकवणं फोटो दाखवून कोणी फसवू नये म्हणून असतं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस उजेडाकडे पाठ करून, चष्मा घालून, हात थरथरत फोन धरून बसला की ॲप म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. तर तोंडावर उजेड येईल असं बसवा, चष्मा काढा, फोन दुसऱ्याने धरा, होतं. आणि हो, पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, हयातीचा दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा, असा फोन आला तर तो चोर. पेन्शनवाले असा फोन करून ओटीपी मागत नाहीत.

कामाचंही तेच, वयाच्या आकड्यावर गाडी अडते. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, तेव्हा निवृत्तीनंतर काय हा प्रश्न फार थोड्यांना पडायचा. केंद्राने निवृत्तीचं वय १९६२ मध्ये ५८ आणि १९९८ मध्ये ६० केलं, महाराष्ट्रात बहुतेक कर्मचाऱ्यांना अजून ५८ च. आयुर्मान मात्र सत्तरीला पोचलं. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीच्या पुढचे १ कोटी ११ लाख लोक होते. कारखान्यातल्या, एसटीतल्या, साखर कारखान्यातल्या लोकांना १९९५ ची ईपीएस, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाली पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम २०१४ मध्ये १००० रुपये झाली आणि ती साडेसात हजार करा म्हणून आंदोलनं चालू आहेत. हजार रुपयात गोळ्या तरी येतात का? म्हणजे वॉचमनची ड्युटी, पतपेढीची वसुली, एखाद्या दुकानाची वही, जे मिळेल ते करणारे आजोबा हौसेने करत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२१ ला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, केंद्राने सेक्रेड नावाचं पोर्टल काढलं, साठीच्या पुढच्यांनी शिक्षण, अनुभव, आवड भरायची आणि कंपन्यांशी गाठ घालून द्यायची. नोकरीची हमी नाही हे त्यांनीच स्पष्ट केलंय. आणि ज्याला फॉर्म ऑनलाइन भरता येतो त्यालाच ते पोर्टल. गमतीची गोष्ट म्हणजे जीवन प्रमाणमध्ये दाखला भरताना पण विचारतात, पुन्हा नोकरीला लागलात का? आणि पुनर्विवाह केलात का? दुसऱ्या प्रश्नाला आज्या तोंडाला पदर लावून हसतात, पहिल्या प्रश्नाला आजोबा जरा थबकतात, कारण वॉचमनगिरी त्यात धरायची का ते कळत नाही. (सरकारी पेन्शनवाल्यांनी मात्र हे नीट विचारूनच भरावं.)

या सगळ्यात वयाची अट उलटी लावलेली एक शाळा आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव, ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्यांसाठीच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पुढाकाराने, गुलाबी नऊवारी हा युनिफॉर्म, घरचं आणि शेतातलं आवरून दुपारी वर्ग, नातवंडं घरी अभ्यास घेणार. सही करता येणं, पोथी वाचता येणं एवढंच मागणं होतं.

सध्या चालू आहे तो नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७, उल्लास म्हणतात त्याला. १५ च्या पुढे कोणीही, वरची अट नाही, आणि अक्षरओळखीबरोबर डिजिटल व्यवहार, पैशांचे व्यवहार आणि व्यवसाय कौशल्यं पण धरलीयेत. राज्यात १७ मार्च २०२४ ला १५० गुणांची परीक्षा झाली तेव्हा केंद्रांवर नातवाचा हात धरून आलेले परीक्षार्थी बरेच दिसले. शिकवायला स्वयंसेवक लागतात आणि रिटायर्ड मास्तर त्यात आरामात बसतात. फक्त त्या कामाला मानधन नाही.