गिरवलं नाही म्हणून पोर मागे पडत नाही

जळगाव-धुळ्याकडे बालवाडीत नाव घालताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अ-आ कधीपासून गिरवायला लावता?" तिसऱ्या वर्षी हात वळला नाही तर पुढे अक्षर सुधारत नाही, हा समज जुना आहे. तो खरा नाही.

मनगटात 8 छोटी हाडं असतात आणि या वयात त्यांतली बरीचशी अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात. बोटांची पकडही कच्ची असते. माती मळणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं यातून ती पकड तयार होते.

लेखनाची सुरुवात मात्र आधीच झालेली असते. रावेरचं पोर पाटीवर चार आडव्या रेघा ओढून "हा केळीचा ट्रक" म्हणतं, तेव्हा खुणेतून अर्थ सांगता येतो हे त्याला उमगलेलं असतं. लिहिण्यातला अवघड भाग हाच! ती पाटी पुसून वर 'अ' काढून देऊ नका. त्याचे शब्द त्याच्यादेखत खाली लिहा, बोट फिरवत वाचून दाखवा. "हाई काय शे?" असं अहिराणीत विचारलं तरी आधी उत्तर द्या, भाषा नंतर.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षांच्या टप्प्यासाठी खेळ आणि कुतूहलावर आधारलेलं शिक्षणच सांगितलं आहे.