एकाच झाडाची वेगवेगळी लाकडं

पाइनची एखादी फळी वाळताना बाक धरते आणि तिच्या शेजारची सरळ राहते, दोन्ही एकाच ओंडक्यातून निघालेल्या असल्या तरी. आपण सरसकट ‘देवदारी’ म्हणतो त्या पॅकिंगच्या खोक्यांत असे नमुने सापडतात. सुतार अशी फळी बाजूला टाकतो. झाडाने मात्र ती मुळातच वेगळी घडवलेली असते. सूचिपर्णी, म्हणजे पाइन-देवदारासारख्या सुईच्या पानांच्या झाडांच्या खोडात गाभ्याजवळ कोवळं लाकूड असतं आणि बाहेर पक्कं. वसंतात रुंद पोकळीच्या पेशींचं फिकट लाकूड तयार होतं, हंगाम सरताना जाड भिंतींचं गडद. (पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेत हिमालयातल्या देवदारांच्या वलयांवरून जुनं हवामान वाचलं जातं, ते या फिकट-गडद फरकामुळेच.)

हे फरक प्रथम नीट मोजले कार्ल सानियो या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८७२ साली त्याने स्कॉट्स पाइनच्या खोडातल्या पेशींची मापं प्रसिद्ध केली. गाभ्याकडून सालीकडे जाताना पेशी काही वर्षं लांब होत जातात, मग लांबी स्थिरावते. आणि ही स्थिरावलेली लांबीसुद्धा खोडाच्या उंचीनुसार बदलते. आज जनुकांच्या याद्या हातात असतानाही अभ्यासक जुन्या ‘सानियोच्या नियमां’कडे वळतात, ते काही केवळ आदरापोटी नव्हे. समजावून सांगायचं आहे ते अजून तेच आहे.

कारणांचा शोध सुरू झाला तो कललेल्या झाडांपासून. कललेल्या खोडाच्या खालच्या बाजूला लालसर, लिग्निनने (लाकडाला कडक करणाऱ्या द्रव्याने) भरलेलं, ठिसूळ लाकूड तयार होतं. खालची बाजू दाबली जाते म्हणून असं होत असावं, हा सरळ तर्क होता. १९०६ मध्ये एवर्ट आणि मेसन-जोन्स यांनी तो तपासायला जिवंत खोडं वाकवून त्यांचे उभे वेढे केले. वेढ्याच्या वरच्या कमानीत खालची बाजू दाबली जाते, खालच्या कमानीत तीच ताणली जाते. लाल लाकूड दोन्हीकडे खालच्याच बाजूला आलं! म्हणजे दाब हे कारण नव्हे. झाड गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखत होतं. नाव मात्र ‘दाब-लाकूड’ असंच राहिलं. विज्ञानातली चुकीची नावं सहसा मरत नाहीत.

१९६०च्या दशकात फिलिप लार्सन यांनी अमेरिकेत रेड पाइनवर काम करताना लक्ष शेंड्याकडे वळवलं. कोवळं लाकूड हे कोवळ्या झाडाचंच असतं असं नाही, ते पालवीच्या जवळ घडतं. जुन्या, उंच झाडाचं बूड पक्कं लाकूड घालत असतं, तेव्हा शेंड्याजवळ कोवळंच बनत असतं. कळ्या आणि कोवळ्या सुयांमधून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक यामागे असावं, असा त्यांचा रोख होता.

ऑक्सिन नेमकं कुठे असतं, हे पाहायला १९९६ साल उजाडावं लागलं. स्वीडनमधल्या उमिओच्या संशोधकांनी स्कॉट्स पाइनच्या सालीलगतचा भाग गोठवून, सालीला समांतर, ०.०३ मिलिमीटर जाडीचे काप काढले. ऑक्सिनचं शिखर कॅम्बियममध्ये, म्हणजे नव्या पेशी जिथे विभागून तयार होतात त्या पातळ थरात होतं. दोन्ही बाजूंना ते झपाट्याने उतरत होतं. म्हणजे आपण कुठे आहोत हे पेशीला या उतारावरून कळत असावं.

पुढचा प्रश्न साहजिकच जनुकांचा होता. सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, चालू-बंद होण्याची वेळ बदलते. १९९८ मध्ये लॉबलॉली पाइनची झाडं वाकवून, त्यांच्या बनत्या लाकडात चालू असलेल्या जनुकांचे सुमारे अकराशे तुकडे वाचले गेले. वेढ्याचा जुना प्रयोगच नव्या हत्यारांनी, म्हणा ना. पण गाडी इथे अडली, कारण या झाडांचे जनुकसंच अवाढव्य. २०१३ मध्ये वाचलेल्या नॉर्वे स्प्रूसचा जनुकसंच जवळपास २० अब्ज डीएनए-अक्षरांचा निघाला, माणसाच्या सहापट. त्यात खात्रीची जनुकं मात्र सुमारे २८ हजार. उरलेला बहुतेक पसारा स्वतःच्या प्रती काढत राहणाऱ्या डीएनएचा. त्यामुळे कापागणिक जनुकांची हालचाल पाहण्याचं काम ॲस्पेन या रुंद पानांच्या झाडात २००१ मध्येच सुरू झालं, तर सूचिपर्णी झाडाचा तितका बारीक नकाशा, नॉर्वे स्प्रूसचा, २०१७ मध्ये आला.

याद्या वाढल्या तशी एक अडचण उघडी पडली. एकाच झाडाचा नमुना एप्रिलमध्ये घेतला की ऑगस्टमध्ये, बुडाशी की शेंड्याशी, उताराकडच्या अंगाने की चढाकडच्या, यावर चालू जनुकांची यादी बदलते. म्हणून अशा अभ्यासात झाडाच्या जातीइतकीच, खोड कुठल्या उंचीवर, कुठल्या बाजूला आणि कुठल्या तारखेला खरवडलं याचीही नोंद महत्त्वाची ठरते.